मदत हवी आहे : १९३१ साली पंढरपूरहून आणलेल्या आजीच्या आईचं नाव कसं शोधावं?

नमस्कार मंडळी. मी बेळगाव-शहापूरची. माझी आजी, म्हणजे आईची आई, दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, "मला पंढरपुरासनं आणल्यालं हाय गं. आई कोण, ठावं न्हाई." तोवर हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आईलासुद्धा.

दिवसकार्य झाल्यावर ट्रंक उघडली. इरकली लुगड्याच्या घडीत एक मोडीतलं पोस्टकार्ड निघालं. ओळखीच्या गुरुजींनी वाचून दिलं : शके १८५३, मुलगी बाळसेदार आहे, येऊन न्यावी. सही होती तो कोपरा नेमका कसरीनं खाल्लाय.

जोतीराव-सावित्रीबाईंचं पुण्यातलं १८६३चं बालहत्या प्रतिबंधक गृह शाळेत शिकले होते. पंढरपूरचं मात्र आता वाचलं. १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांनी ते काढलं, प्रार्थना समाजानं चालवलं, आणि पुढे तेच नवरंगे बालकाश्रम झालं. विधवा लेकीसुनेला दिवस गेले की "विठोबाला नेतो" म्हणून न्यायचं आणि तिथंच सोडून परतायचं. मी स्वतः दोनदा दिंडीतून त्या वाटेनं चाललेय. आता आठवलं की पोटात कालवतं.

दत्तकपत्र शोधण्यात अर्थ नाही. १९५६चा कायदा येईपर्यंत हिंदूंत मुलगी दत्तक घेण्याची सहसा सोयच नव्हती. म्हणजे उरली संस्थेची जुनी नोंदवही. आजच्या नियमांत दत्तक गेलेल्या माणसाला स्वतःचं मूळ शोधायला अर्ज करता येतो, तिऱ्हाइताला नाही. पण आजीच नाही. मग नातीला तिऱ्हाईत धरतात का? कुणी असा अर्ज केलाय का? त्या काळच्या वह्यांत बाळंतिणीचं खरं नाव-गाव लिहायचे, की लपवायचे? बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, तर इकडच्या कचेरीत काही नोंद व्हायची का?

धाकटी मावशी म्हणते, "कशाला उकरून काढतीस? त्या बाईची अब्रू झाकलेलीच बरी." तिचा जीव का तुटतो ते कळतं मला. म्हणून सांगते, त्या बाईचं घर, तिचे वारस, काही शोधायचं नाही. पितृपक्षात आजीच्या पानाशेजारी तिच्या आईचं पान वाढायचंय, तेवढ्यापुरतं नाव हवंय.

मोडी चांगली लागणारं कुणी असेल तर कळवा, व्यक्तिगत निरोपातून कार्डाचा फोटो पाठवते. पत्त्याच्या बाजूला दोन ओळी अजून लागलेल्या नाहीत.