मदत हवी आहे: जंगलातील पारंपरिक हिवाळी प्रवास आणि मुक्काम यांवरील पुस्तके

शिशिरा

कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातील स्प्रूस-बर्चच्या जंगलांत हिवाळ्यात स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून जोड्यांखाली बांधायच्या रुंद जाळीदार चौकटी) घालून, सामानाची टोबॉगन (सपाट तळाची लांबट घसरगाडी) स्वतः ओढत आणि रोज संध्याकाळी कॅनव्हासच्या तंबूत पत्र्याची चूल पेटवून मुक्काम करत जाण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यावरील चांगल्या पुस्तकांची माहिती मला हवी आहे. आम्ही उभयता ओंटारियोत राहतो. सह्याद्रीत भटकून चालण्याची आणि पाठीवर ओझे वाहण्याची सवय झालेली आहे, परंतु उणे पंचवीस अंशांत रात्र कशी काढावी हे सह्याद्री शिकवत नाही. येत्या फेब्रुवारीत ओंटारियोतीलच टेमागामीच्या परिसरात गोठलेल्या तलावांवरून एका अनुभवी वाटाड्याबरोबर आठवडाभराचा प्रवास करण्याचे ठरते आहे. वाटाड्या सोबत असला तरी तो जे करतो ते का करतो, हे आपल्याला आधीच ठाऊक असावे, म्हणून हा वाचनाचा खटाटोप.

मला नेमके काय नको आहे ते आधी सांगते. दुकानांत मिळणारी हिवाळी कॅम्पिंगची बहुतेक पुस्तके गिर्यारोहणाच्या अंगाने लिहिलेली असतात. दुहेरी कापडाचा हलका तंबू, पेट्रोलवर चालणारा लहान स्टोव्ह आणि पिसांची जाड झोपण्याची पिशवी हे त्यांतील सूत्र झाडे नसलेल्या उंचीवर बरोबरच आहे. पण जिथे पावलोपावली उभे वाळलेले लाकूड मिळते, तिथे ऊब पाठीवर वाहून नेण्याऐवजी जागेवरच निर्माण करणे जास्त शहाणपणाचे नाही का? शिवाय खरा प्रश्न थंडीपेक्षा ओलाव्याचा आहे, असे मला आता वाटू लागले आहे. माणूस रात्रभर श्वासातून आणि त्वचेतून बाष्प सोडत असतो. थंड तंबूत हे बाष्प पिशवीच्या थरांतच गोठते आणि दर मुक्कामाला पिशवी थोडी जड आणि थोडी निकामी होत जाते. एका रात्रीच्या सहलीत हे लक्षातही येत नाही, आठवड्याच्या प्रवासात मात्र त्यावरच सगळे अवलंबून राहते. चुलीच्या तंबूत हा हिशेब रोज संध्याकाळी शून्यावर आणता येतो, कारण सगळे वाळवता येते.

गेल्या हिवाळ्यात अशा एका तंबूत संध्याकाळ घालवण्याचा योग आला. तंबू उभारण्याआधी त्या गृहस्थांनी स्नोशू घालूनच ती जागा चांगली तुडवली आणि मग तिला हात न लावता ते लाकूड आणायला निघून गेले. परत येईपर्यंत तुडवलेला बर्फ घट्ट बसून फरशीसारखा झाला होता. चूल त्यांनी थेट बर्फावर न ठेवता दोन ओल्या ओंडक्यांवर ठेवली, म्हणजे खालचा बर्फ वितळून ती खचणार नाही. आढ्याखाली ताणलेल्या दोरीवर हातमोजे, पायमोजे आणि जोड्यांतील नमद्याचे अस्तर टांगले गेले आणि तासाभरात सगळे कोरडे झाले. ते हे सगळे करताना फारसे बोलत नव्हते, त्यामुळे माझे निम्मे प्रश्न मनातच राहिले.

आतापर्यंत जे वाचले ते असे. एलियट मेरिक यांचे १९३३ साली प्रसिद्ध झालेले ‘ट्रू नॉर्थ’ हे पूर्व कॅनडातील लॅब्राडोरमध्ये सापळे लावून शिकार करणाऱ्यांबरोबरच्या प्रवासाचे पुस्तक मी दोनदा वाचले. माणसे, नदी, भूक, थकवा हे सगळे त्यात आहे, परंतु ते अनुभवकथन असल्यामुळे कृती शिकवणे हा त्याचा हेतूच नाही. होरेस केपार्ट यांचे ‘कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट’ चाळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे हे पुस्तक ज्ञानाचे भांडार आहे, पण त्याचा जीव उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत रमतो. कॅल्व्हिन रुटस्ट्रम यांचे १९६८ सालचे ‘पॅरडाइज बिलो झीरो’ मला मनापासून आवडले. हिवाळा ही टाळण्याची आपत्ती नसून उत्तरेकडील प्रवासाचा सर्वांत सोयीचा ऋतू आहे, कारण दलदली आणि तलाव हेच तेव्हा रस्ते होतात, ही त्यांची भूमिका पटण्यासारखी आहे. मात्र रोजच्या कामांचा तपशील मला आणखी हवा आहे.

म्हणून जाणकारांना विनंती अशी, की तंबू, चूल आणि कपडे यांबद्दल कारणांसह सांगणारे, तसेच गोठलेल्या पाण्यावरून वाट कशी ठरवावी हे समजावणारे पुस्तक सुचवावे. दुसरे असे, की ही पद्धत मुळात क्री, इन्नू आणि अनिशिनाबे या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची असूनही मी वाचलेली तिन्ही पुस्तके बाहेरून आलेल्यांची आहेत, तेव्हा त्या लोकांच्या स्वतःच्या शब्दांतले काही वाचायला मिळेल का? मराठीत या विषयाच्या जवळपास जाणारे काही असल्यास तेही अवश्य कळवावे.

देवदार

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका पुस्तकात बहुतांशी मिळते. गॅरेट आणि अलेक्झांड्रा कोनोव्हर या अमेरिकेच्या मेन राज्यातील वाटाड्या दांपत्याचे ‘अ स्नो वॉकर्स कंपॅनियन’ हे पुस्तक १९९५ साली आले आणि नंतर ‘द विंटर वाइल्डरनेस कंपॅनियन’ या नावानेही निघाले. दोन्ही वेगळी पुस्तके समजून दोन्हींचे पैसे घालवू नयेत. आपण ज्या पद्धतीचे वर्णन केले आहे, नेमक्या त्याच पद्धतीवर ते आहे, आणि लेखक स्वतः ती जगलेले असल्यामुळे त्यात उगाच भीती घालणे नाही आणि पोकळ शौर्यही नाही. एकच पुस्तक घ्यायचे असेल तर हेच घ्यावे.

कपड्यांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण वाचताना आपण अडखळाल. आजची पुस्तके सुती कापडाला हिवाळ्यातील शत्रू मानतात आणि ही जुनी परंपरा मात्र लोकरीवर घट्ट विणीच्या सुती कापडाचा सैल अंगरखा घालते. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. तापमान शून्याच्या आसपास असेल, ओला बर्फ किंवा पाऊस पडत असेल, तर सुती कापड भिजते आणि जिवावर बेतू शकते. पण कोरड्या, कडक थंडीत अंगावर पडलेला बर्फ वितळतच नाही, आणि वारा अडवूनही बाष्प बाहेर जाऊ देणारे कापड तिथे प्लास्टिकच्या लेपाच्या कापडापेक्षा सरस ठरते. घाम बाहेरच्या पृष्ठभागावर दहिवरासारखा गोठतो आणि हाताने झटकून टाकता येतो. मऊ कातड्याच्या मोकासिनचेही तसेच आहे. ती कोरड्या थंडीची पादत्राणे आहेत आणि बर्फ वितळू लागला की त्यांचा उपयोग संपतो. म्हणून कोणतेही पुस्तक वाचताना लेखक कोणत्या तापमानाबद्दल बोलतो आहे हे पाहावे. निम्मे वाद तिथेच मिटतात.

कुऱ्हाड, करवत, चाकू आणि आग यांसाठी मॉर्स कोहान्स्की यांच्या ‘नॉर्दर्न बुशक्राफ्ट’ला पर्याय नाही. हेही पुढे ‘बुशक्राफ्ट’ एवढ्याच नावाने निघाले. कुऱ्हाड कशी धरावी, झाड कोणत्या बाजूला पडेल, कोणते लाकूड कसे जळते हे त्यांनी इतक्या बारकाईने लिहिले आहे की प्रथम वाचताना ते कंटाळवाणे वाटते, आणि हातात कुऱ्हाड आल्यावर प्रत्येक वाक्य आठवते. त्यात बर्च, विलो आणि सूचिपर्णी झाडांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. उत्तरेच्या जंगलात नवख्या माणसाला झाडांची ओळख हीच पहिली पायरी असते, त्यामुळे ती वगळू नयेत. जमिनीवर स्प्रूसच्या किंवा फरच्या फांद्या अंथरण्याची जुनी रीत मात्र केवळ वाचण्यापुरतीच ठेवावी. संरक्षित उद्यानांत जिवंत झाडाला हात लावण्यास सहसा मनाई असते आणि ते योग्यही आहे.

कोरांटी

चुलीच्या तंबूबद्दल वाचताना कार्बन मोनॉक्साइडचा भाग डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे जाऊ नका, एवढेच मला सांगायचे आहे. या विषारी वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. धुराड्याचे सांधे घट्ट असणे, तंबूला वरून आणि खालून हवा खेळती असणे आणि झोपण्याआधी चूल विझू देणे या गोष्टी जुन्या पुस्तकांत कधीकधी गृहीत धरलेल्या असतात. त्या काळी विजेरीवर चालणारा इशारायंत्राचा डबा नव्हता, आज तो आहे. तो घ्यावा.

जुना_वाटाड्या

टेमागामीला जाणार असाल तर ‘नास्तॉगन’ हा निबंधसंग्रह शोधून काढाच. ब्रूस हॉजिन्स आणि मार्गारेट हॉब्ज यांनी संपादित केलेला हा संग्रह १९८५ साली प्रसिद्ध झाला. कनू (वल्ह्याने चालवायची हलकी, निमुळती होडी) आणि स्नोशू यांनी केलेला उत्तर कॅनडाचा प्रवास हाच त्याचा विषय आहे, आणि त्यातील क्रेग मॅकडॉनल्ड यांचा लेख तर टेमागामीच्या जुन्या वाटांवरच आहे. मॅकडॉनल्ड यांनी अनिशिनाबे वडीलधाऱ्यांना विचारून विचारून त्या वाटा नकाशावर आणल्या. उन्हाळ्याच्या वाटा आणि हिवाळ्याच्या वाटा वेगळ्या असतात, ही गोष्ट आधुनिक नकाशा पाहून कधीच सुचत नाही. कनूला खोल पाणी हवे असते, तर टोबॉगनला सपाट, वाऱ्यापासून आडोशाची आणि खात्रीच्या बर्फाची जागा. त्यामुळे उन्हाळ्यात कोणी फिरकणार नाही अशी दलदल फेब्रुवारीत उत्तम रस्ता ठरते.

गोठलेल्या पाण्याविषयी पुस्तकांत एक आकडा हमखास मिळतो, तो म्हणजे पायी चालणाऱ्या एका माणसासाठी किमान दहा सेंटिमीटर जाडीचा, पारदर्शक आणि टणक बर्फ. पांढरट बर्फ त्याच्या निम्माच मजबूत धरतात. पण जाडी सगळीकडे सारखी नसते. तलावाला नदी मिळते ती जागा, दोन तलावांमधील अरुंद खाडी, बीव्हर या पाण्यात घर बांधणाऱ्या प्राण्याच्या घराचा परिसर, बुडालेल्या खडकांभोवतीचा भाग या ठिकाणी पाणी हलते आणि बर्फ पातळ राहतो. दुसरा त्रास लगद्याचा. ताज्या बर्फाच्या वजनाने खालचा थर दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि वरच्या भुसभुशीत बर्फाच्या पांघरुणाखाली ते कडक थंडीतही न गोठता राहते. त्यात टोबॉगन शिरली की बाहेर काढताक्षणी तिच्या तळाला बर्फाचा खरबरीत थर चिकटतो, मग तो खरवडून काढल्याशिवाय ती एक पाऊल पुढे सरकत नाही. स्नोशूंचेही तेच होते. हे सगळे वाचून समजते, पण वाटाड्या काठी आपटत पुढे चालला असेल तेव्हा त्या आवाजाकडे कान द्या.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. एलिझाबेथ त्शाउकुएश पेनाशू या लॅब्राडोरच्या इन्नू वडीलधाऱ्या बाईंच्या दैनंदिन्यांवरून तयार झालेले ‘नितिनिकियाउ इन्नुसी’ हे पुस्तक २०१९ साली मॅनिटोबा विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढले. लढाऊ विमानांच्या कमी उंचीवरील सरावाविरुद्ध त्यांनी केलेले आंदोलन, त्यासाठी भोगलेला तुरुंगवास आणि नंतर दर वसंतात तरुण मुलांना घेऊन स्नोशूंवरून केलेल्या पदयात्रा हे त्यात आहे. चूल कशी मांडावी हे त्या शिकवत नाहीत. पण तंबू हे घर असते, त्यात कोणाला कोणते काम असते, हे त्या पानांतून जितके कळते तितके कोणत्याही मार्गदर्शिकेतून कळत नाही. जॉर्ज हेन्रिक्सन या मानववंशशास्त्रज्ञांनी कानिउएकुतात या इन्नू शिकाऱ्याचे कथन त्याच्याच शब्दांत मांडलेले ‘आय ड्रीम्ड द अ‍ॅनिमल्स’ हेही याच पंक्तीतले. पुस्तक नसले तरी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा १९७४ सालचा ‘क्री हंटर्स ऑफ मिस्टासिनी’ हा माहितीपटही पाहावा. तीन कुटुंबे रानात हिवाळा कसा काढतात हे त्यात दिसते, आणि लेखणीला न जमणाऱ्या हातांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपलेल्या आहेत.

जुन्यांपैकी एकच सुचवतो. सॅम्युअल हर्न १७७० ते १७७२ या काळात हडसन उपसागरापासून आर्क्टिक समुद्राकाठापर्यंत पायी गेले, त्याचा वृत्तान्त १७९५ साली छापला गेला आणि आज तो जालावर विनामूल्य वाचता येतो. त्यांचे पहिले दोन प्रयत्न फसल्यावर मातोनाबी या डेने (तिथल्याच एका मूळ रहिवासी समाजाच्या) पुढाऱ्याने त्यांना कारण सांगितले, ते असे की बरोबर बायका नव्हत्या. ओझी ओढणे, तंबू उभारणे, कपडे आणि जोडे शिवणे, आग राखणे ही कामे करणारे कोणी नसेल तर शिकारी माणूस दूरच्या प्रवासात टिकत नाही. हे त्याने ज्या भाषेत सांगितले ती आज खटकते, आणि खटकावीही. पण प्रवास कोणाच्या श्रमावर चालतो याचा इतका स्पष्ट कबुलीजबाब नंतरच्या शोधवीरांच्या पुस्तकांत मला क्वचितच आढळला.

शिशिरा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोनोव्हर दांपत्याचे पुस्तक आजच मागवले आहे आणि इशारायंत्राबद्दल वाटाड्यांना पत्र लिहिले आहे. ‘नास्तॉगन’ आमच्या गावच्या ग्रंथालयात नाही, आंतरग्रंथालय सेवेतून मिळते का याची चौकशी सुरू केली आहे. ओंटारियोत कोणाकडे त्याची प्रत असल्यास आणि फेब्रुवारीपूर्वी महिनाभर वाचायला मिळू शकत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा, टपालाचा खर्च मी करीन. मराठी पुस्तकांविषयीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे, तेव्हा लडाख किंवा झांस्करच्या हिवाळ्यातील स्थानिक लोकांच्या राहणीवर मराठीत कोणी सविस्तर लिहिले असल्यास तेही याच धाग्यावर सांगावे.