मदत हवी आहे: लॅपटॉप तापून अचानक बंद पडतो

नमस्कार मंडळी,

माझा पाच वर्षं जुना लॅपटॉप व्हिडिओ कॉल सुरू झाला की वीसेक मिनिटांत तापतो आणि काही सूचना न देता बंद पडतो. त्याआधी प्रोसेसरचं तापमान ९८ अंशांवर गेलेलं दिसलं. नुसतं टायपिंग करताना ते ५५ च्या आसपास असतं. पंख्याचा आवाज मोठा येतो, पण जाळीतून बाहेर पडणारी हवा अगदी मंद. वापरतो टेबलावरच, गादीवर नाही. चार्जर काढला तरी तेच. जाळी ब्रशने साफ केली, फरक नाही.

आत हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) पात्यांत धूळ अडकली असेल की थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) सुकली असेल? खोलल्यावर आधी काय बघू? प्रबंधाचं सगळं काम त्यात आहे. बॅकअप घेतलाय, तरी फार काळजी वाटते.