शुगर आणि झाडपाला: तुम्ही काय करून पाहिलंत?

माझी फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर) १६० च्या आसपास, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू आहे. निदान झाल्यापासून भेटेल तो एक नवा पाला सुचवतो. ऐकीव नको, घरात कुणी घेतलं असेल तर आकड्यांसकट लिहा.

*

मेथी. दोन चमचे दाणे रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट चावून खाते. पीपी (जेवणानंतरची शुगर) २१० वरून १८० च्या आत आली, फास्टिंग मात्र जवळपास तेवढीच. मेथीतल्या चिकट तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते, म्हणून फरक जेवणानंतर दिसतो. पहिला आठवडा पोटात गुडगुड. घामालाही मेथीचा वास येतो, हे कुणी आधी सांगत नाही!

*

बाबांचा अनुभव लिहिते, चालेल ना? विजयसारच्या लाकडाचा पेला. रात्री पाणी भरायचं, सकाळी तपकिरी होतं, उन्हात धरलं तर निळसर झाक मारतं. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ८.१ चं ८.० झालं. आता पेल्यात पेनं ठेवतात.

*

कारलेवाल्यांनो, जपून. मी ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेत असताना कुणालाही न सांगता रोज पेलाभर रस सुरू केला. बाराव्या दिवशी बँकेच्या रांगेत दरदरून घाम, हात लटपटायला लागले. शेजारच्या काकूंनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्या दिल्या. घरी येऊन मोजली तरी ६२. डॉक्टर म्हणाले, "रसाचं आधी बोलला असतात तर गोळी कमी केली असती." नाश्ताही चुकला होता, त्यामुळे सगळा दोष कारल्याचा नाही. पण परत घेतला नाही.

*

गुडमारचं पान चावून वर साखर खाऊन बघा, वाळू खाल्ल्यासारखी लागते. शुगर किती उतरली ते सांगता येणार नाही, कारण त्याच महिन्यात चालणंही सुरू केलं. पेढा मात्र सुटला.

*

आठवडी बाजारातली बिनालेबलची 'जांभूळ बी पावडर' घेऊन सासऱ्यांची शुगर चार दिवसांत धाडकन उतरली. आम्ही खूश, डॉक्टर नाही. तपासून घेतली तर आत ग्लिबेनक्लामाइड! म्हणजे शुगरची गोळीच, कुटून.

*

झाडपालाच हवा असेल तर धागाकर्तीच्या मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झुडपाकडे जातं. फक्त त्याचा डोस मोजलेला असतो.

*

धागाकर्ती: सोमवारपासून मेथी, डॉक्टरांना सांगून. गोळी आणि मेथीत किती अंतर ठेवता?