सक्तीच्या भरतीतल्या पोरांना अधिकारी कुठे करायचे? (ईटन हॉल आणि मॉन्स)

चौकस_पुणेकर: दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती होती, त्यातले काही जण थेट सेकंड लेफ्टनंट व्हायचे असं वाचलं. म्हणजे आपल्या चेन्नईच्या ओटीएसारखंच (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) का? सँडहर्स्ट ही लष्करी अधिकारी घडवणारी अकादमी असताना वेगळी शाळा कशाला? आणि निवड कशी व्हायची?

नकाशा_आणि_होकायंत्र: आधी चेन्नईचं बाजूला ठेवू. आपल्याकडे सक्तीची भरती कधीच नव्हती. १९६२ च्या युद्धानंतर पुणे आणि मद्रासला अधिकारी प्रशिक्षण शाळा निघाल्या, त्या इमर्जन्सी कमिशनसाठी (आणीबाणीपुरती अधिकारपदावर नेमणूक), म्हणजे स्वेच्छेने आलेल्यांसाठी. पुण्याची १९६४ मध्ये बंद झाली, मद्रासचीच पुढे ओटीए झाली.

वेगळ्या शाळेचं कारण साधा हिशेब. नॅशनल सर्व्हिस (सक्तीच्या लष्करी सेवेचा) कायदा १ जानेवारी १९४९ पासून लागू झाला, तेव्हा सेवा १८ महिन्यांची, म्हणजे ७८ आठवडे. सँडहर्स्टचा अभ्यासक्रमच त्या वेळी १८ महिन्यांचा! तिथे पाठवलं तर पोरगा पास होईल त्या दिवशी घरी जाईल. म्हणून १६ आठवड्यांचा कोर्स. त्याआधी सुमारे १० आठवडे साध्या शिपायाचं मूलभूत प्रशिक्षण. एकूण २६ गेले, उरले ५२, त्यातून निवडीची वाट पाहणं आणि रजा वजा करा. नेमणूक मलायात असेल तर जहाजाच्या प्रवासातच चारेक आठवडे जायचे. १९५० मध्ये कोरियातल्या युद्धामुळे सेवा दोन वर्षांची झाली, तेव्हा कुठे अधिकारी सव्वा-दीड वर्ष हाताला लागू लागला.

पायदळाचे कॅडेट प्रामुख्याने चेस्टरजवळच्या ईटन हॉलला जात, तोफखाना आणि रणगाडा दलाचे ऑल्डरशॉटच्या मॉन्स बराकीत. ईटन हॉल हा ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरचा गॉथिक वाडा. डार्टमथच्या नौदल कॉलेजवर १९४२ मध्ये बॉम्ब पडले, तेव्हा ते कॉलेज इथे आलं. १९४६ मध्ये ते परत गेल्यावर जागा लष्कराकडे आली.

फळी_दोरी_पिंप: निवडीबद्दल. एसएसबीला (आपल्या लष्कराच्या अधिकारी निवड मंडळाला) बसलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण आपली एसएसबी ज्या ब्रिटिश पद्धतीतून आली तीच ही: वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्ड, बोलीभाषेत ‘वॉझबी’, १९४२ पासून. मूलभूत प्रशिक्षणात नजरेत भरलेला शिपाई आधी युनिटच्या चाळणीतून जायचा, मग वॉझबीला. नेता न नेमता गटाला अडथळा पार करायला द्यायचे, फळी मुद्दाम आखूड. फळी ओलांडली का यापेक्षा गट कोणाचं ऐकतो, हे पाहायचे. इथे दोन प्रकारचे लोक मार खायचे: सगळ्यांवर ओरडणारे, आणि अचूक उपाय सुचूनही तो गटाच्या गळी उतरवता न येणारे. नापास झालेला आपल्या पलटणीत परत, शिपाई म्हणूनच.

चौकस_पुणेकर: आभारी आहे. पण १६ आठवड्यांत शिकवणार तरी काय?

नकाशा_आणि_होकायंत्र: एक प्लाटून (तीसेक सैनिकांची तुकडी) सांभाळण्यापुरतं, त्याहून जास्त नाही. कवायत, ३०३ रायफल, ब्रेन गन (हलकी मशीनगन), नकाशावाचन, रात्रीची गस्त. खरी कसोटी तोंडी आदेशांची. मथळे ठरलेले पाच, क्रमही ठरलेला: माहिती, उद्देश, पद्धत, प्रशासन, संपर्क. उद्देश एकाच वाक्यात. नवखा ‘पद्धती’वर रंगून बोलतो आणि ‘प्रशासन’ दोन शब्दांत उरकतो. मग दारूगोळा कुठून येणार, जखमी कुठे न्यायचे, हे सेक्शन कमांडरला (प्लाटूनमधल्या छोट्या गटाच्या प्रमुखाला) ठाऊकच नसतं. गोळीबार सुरू झाल्यावर ते विचारायला वेळ मिळत नाही.

कवायतीचा दरारा मात्र वेगळाच. मॉन्सचे आरएसएम (रेजिमेंटल सार्जंट मेजर) रोनाल्ड ब्रिटन आवाजासाठी लष्करभर प्रसिद्ध होते. गंमत म्हणजे कवायत घेणारे सार्जंट कॅडेटला ‘सर’ म्हणूनच झापत.

तोफखाना_५: एक भर. कमिशन मिळालं तरी सुटका नव्हती. दोन वर्षांनंतर साडेतीन वर्षं राखीव सेवा, त्यात टेरिटोरियल आर्मीची (अर्धवेळ राखीव सैन्याची) शिबिरं. १९५७ मध्ये सक्तीची भरती संपवण्याचं ठरलं, पुढच्याच वर्षी ईटन हॉलची शाळा बंद. मॉन्स शॉर्ट सर्व्हिसवाल्यांसाठी (मर्यादित वर्षांसाठीच्या अधिकाऱ्यांसाठी) १९७२ पर्यंत चालली, मग सँडहर्स्टमध्ये विलीन. ईटन हॉलचा मुख्य वाडा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडला. प्रार्थनामंदिर, घड्याळाचा मनोरा आणि तबेले तेवढे उभे आहेत.