वर्तमानपत्राच्या धंद्यावरचा जुना, गंभीर हॉलिवूडपट सुचवा

सदाफुली
पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना दाखवायला एखादा जुना अमेरिकन चित्रपट हवा आहे. बोलपट नुकते आले तेव्हाचा असेल तर उत्तम. 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) पाहिला आहे, पण तो विनोदी. बातमी ज्याच्यावर छापली त्याचं पुढे काय होतं, हे दाखवणारा हवा. दोन तासांत चर्चाही उरकायची आहे.

कृष्णधवल
'फाइव्ह स्टार फायनल' (१९३१). दुसरा शोधूच नका. दिग्दर्शक मर्विन लरॉय, संपादक रँडलच्या भूमिकेत एडवर्ड जी. रॉबिन्सन. दीड तासाचा आहे.

न्यूयॉर्कमधलं सनसनाटी दैनिक. खप वाढवायचा म्हणून मालक जुनं प्रकरण उकरायला लावतो. वीस वर्षांपूर्वी एका बाईने फसवणाऱ्या साहेबाला गोळी घातली होती आणि ती निर्दोष सुटली होती. आता ती संसारात रमली आहे आणि मुलीचं लग्न तोंडावर आलंय. रँडलला हे मनातून पटत नाही, तरी तो कामाला लागतो, आणि काम चोख करतो. माणूस खलनायक नाही, हुशार आहे, म्हणूनच बघताना जास्त त्रास होतो. सारखा साबणाने हात धूत असतो, त्याकडे लक्ष ठेवा.

बोरिस कार्लॉफ यात बातमीदार आहे, 'फ्रँकेन्स्टाइन' हा त्याचा गाजलेला भयपट येण्याच्या थोडंसं आधीचा. पाद्र्याचा वेष करून तो त्या घरात शिरतो. आईबाप त्याला चर्चचा माणूस समजून मन मोकळं करतात आणि तो मुलीचा फोटो घेऊन बाहेर पडतो. खोटी ओळख सांगून बातमी काढावी का, यावर तासभर वाद होईल.

मूळ नाटक लिहिणारे लुई वाइट्झेनकॉर्न स्वतः अशाच एका टॅब्लॉइडचे संपादक होते. आतल्या माणसाने लिहिलंय, हे कळतं.

रात्रपाळी
कृष्णधवल यांना पूर्ण अनुमोदन. मी वर्तमानपत्रात डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून लावण्याचं काम करते. रँडलची सेक्रेटरी मिस टेलर (अ‍ॅलीन मॅकमॅहन) मला सगळ्यात जवळची वाटते. चाललंय ते चूक आहे हे तिला आधीच दिसतं, ती बोलूनही दाखवते, आणि तरी रोज कामावर येते. अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात.

जोडीला 'द फ्रंट पेज' (१९३१) मधला एक तुकडा दाखवा. शिकागोच्या फौजदारी कोर्टातली पत्रकारांची खोली, पत्ते चाललेत, फाशीची वाट बघणं चाललंय. हा तसा विनोदी, पण त्यांच्या छळाने मॉली नावाची बाई खिडकीतून उडी टाकते आणि खोली गप्प होते. नेमका तेवढाच भाग घ्या.

सदाफुली
दोघांचेही मनापासून आभार! 'फाइव्ह स्टार फायनल' ठरला. मध्ये थांबवून प्रश्न विचारू का?

कृष्णधवल
नको, सलग दाखवा. आत्महत्येचा भाग आहे, एवढं मात्र मुलांना आधी सांगा. ती आई छापू नका म्हणून विनवायला फोन करते तेव्हा पडद्याचे तीन भाग होतात. मधे ती, दोन्हीकडे वर्तमानपत्राची माणसं, आणि तिचं ऐकायला कुणालाच वेळ नाही. तिथे थांबवलंत तर पुढे मुलगी कचेरीत येऊन जो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, त्याचा जोर जाईल. चर्चा त्या प्रश्नापासूनच सुरू करा.