धूर नव्हे, सर्दी

वर दोघांनी लिहिलंय की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हवा स्वच्छ झाली म्हणून दम्याचे ॲटॅक कमी झाले. अर्धंच पटतं. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसी, म्हणजे कारखान्यांची वसाहत, हाकेच्या अंतरावर. कारखाने टप्प्याटप्प्याने सुरू झाले, रस्त्यावर ट्रक दिसू लागले, तरी लेकाचा दमा जवळजवळ गप्पच. बंद होती ती शाळा. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की पंधरा दिवसांत नाक गळायचं आणि पाठोपाठ छातीत शिट्टी. मुलांमधले बहुतेक ॲटॅक साध्या सर्दीच्या विषाणूंमुळे, त्यातही ऱ्हायनोव्हायरसमुळे, उसळतात. मुलं घरात, तोंडावर मास्क, मग सर्दी येणार कुठून? शिवाय कोरोनाच्या धास्तीने रोजचा इन्हेलर एकदाही चुकला नाही. (एरवी पोरगं बरं दिसलं की आम्हीच बंद करायचो, हे कबूल.)

पण 'ॲटॅक कमी' म्हणताना जे दवाखान्यापर्यंत गेलेच नाहीत ते ॲटॅकही 'झाले नाहीत' असे धरले जातात. त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास एकदा रात्री लेकाला धाप लागली. जवळच्या दवाखान्याने दारातूनच सांगितलं, 'नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा करून देणारं यंत्र) बंद आहे.' फवाऱ्यातून विषाणू पसरण्याची भीती, त्यांचंही चुकलं नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, काढायला लावला: साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणाऱ्या औषधाचा एक पफ, चार-पाच संथ श्वास, मग डबी हलवून दुसरा. सहा पफ झाले. वीस मिनिटांनी पोरगं उशी उभी करून बसलं आणि बिस्किट मागितलं. स्पेसर तीन वर्षं कपाटात खोक्यासकट पडून होता.