जिमी स्मिथच्या रेकॉर्डवर बास वाजवतं कोण?

पायपेटी, सदाशिव पेठ:
मंडळी, रविवारी जुन्या बाजारात 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक' ही जॅझची एलपी मिळाली. कव्हर कडेने उसवलंय, तबकडी मात्र स्वच्छ. नावं चारच: जिमी स्मिथ ऑर्गनवर, स्टॅन्ली टरेंटाइनचा टेनर सॅक्सोफोन, केनी बरेलची गिटार, ड्रम्सवर डोनाल्ड बेली. मग खर्जात एकसारखा पुढे जाणारा तो चालता बास कुणाचा? माझे बाबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. पाय भात्यावर, डावा हात सूर धरून. असं काही त्या वाद्यातून निघालेलं मी ऐकलं नाही. कालपासून तीनदा लावली, कान तिथेच जातो.

डावाहात, औंध:
तो बास स्मिथचाच! त्याच्या ऑर्गनला, हॅमंड बी-३ ला, ६१ पट्ट्यांचे दोन कीबोर्ड असतात, एकावर एक. उजवा हात वर गातो, डावा खालच्यावर बास चालवतो. भाता नाहीच, आत मोटरवर चाकं फिरतात, सूर विजेतून येतो. म्हणून पाय मोकळे. खाली २५ पेडल आहेत, त्यांना तो अधूनमधून नुसती टिचकी देतो, की सुराला तार छेडल्यासारखा ठोका येतो.

कोथरूडकर:
आणि पट्टी दाबताना येणारी बारीक 'टक्' ऐका. हॅमंड कंपनीला तो दोष वाटायचा, वादकांना तीच हवी असायची. उजव्या हाताला स्मिथ बहुतेक वेळा पहिले तीन ड्रॉबार (सुराचा रंग ठरवणाऱ्या ओढायच्या दांड्या) पूर्ण ओढून बाकी सहा बंद ठेवतो. पेटीचे स्टॉप लावावेत तसं. रेकॉर्डिंग २५ एप्रिल १९६० चं, न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. त्याच दिवशी त्याच्या 'मिडनाइट स्पेशल' या एलपीचंही झालं. तीही मिळवाच, ती आधी आली, ही १९६३ मध्ये.

पायपेटी:
डावाहात, कोथरूडकर, मनापासून आभार. रात्री बाबांच्या ऑर्गनवरचं कापड काढलं. डाव्या हाताने नुसता बास धरला, सा ते सा, सावकाश. उजव्या हाताने दोन सूर लावले की डावा थबकतो. बाबा आतून म्हणाले, "आधी डावाच वाजव. आठ दिवस." आज दुसरा दिवस. करंगळीच्या खालची शीर ठणकतेय, पण त्या एलपीवरचं 'मायनर चांट' लावलं की आता तो हात मला वेगळा ऐकू येतो.